ब्लॉकखालचं शीतयुद्ध

माझ्या वडिलांनी अमेरिकेला अजून माफ केलेलं नाही. अमेरिकेला हे कळवायची तसदी कुणी घेतली नाही, त्यामुळे तिचं बरं चाललं आहे. ताप होतो तो आम्हाला.

बाबा कॉलेजात होते तेव्हा अमेरिकेची फौज व्हिएतनाममध्ये होती. साम्यवाद आणखी पसरू नये म्हणून अमेरिका तिकडे बाँब टाकत होती, आणि तिने ते थांबवावं म्हणून बाबा पुण्यात मंडईपासून निघालेल्या एका मोर्चात गेले होते. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. बाबांच्या उजव्या नडगीवर त्याचा व्रण आहे, आणि आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने तो पाहिलेला आहे. त्या दिवशी त्यांनी शपथ घेतली की अमेरिकन वस्तूला हात लावणार नाही. पुढे युद्ध संपलं, सोव्हिएत रशियाचे तुकडे झाले, व्हिएतनाम आणि अमेरिका गोडीगुलाबीनं धंदा करायला लागले. बाबांची शपथ मात्र जागच्या जागी. माझ्या लग्नात सासरच्यांनी अमेरिकन कोलाचे क्रेट मागवले, तेव्हा बाबांनी स्वतःपुरतं कोकम सरबत करून घेतलं आणि ते का घेतोय हे भर पंगतीत व्याह्यांना समजावून सांगितलं. माझे सासरे अजून त्यांचा उल्लेख 'व्हिएतनामवाले' असा करतात.

आता माझी अडचण बघा. मी सिंगापूरला रॅफल्स प्लेसमध्ये नोकरी करते, गेली बारा वर्षं, एका अमेरिकन बँकेत. बाबांना मी पहिल्यापासून 'एका मोठ्या बँकेत' एवढंच सांगत आले. कुठली मोठी, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. झाकली मूठ बारा वर्षं टिकली.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. बाबा पुण्यात एकटे राहायला लागले आणि मी इथे फोन उशाशी घेऊन. गेल्या वर्षी ते बाथरूममध्ये पडले. चार तास तिथेच पडून होते. पोळ्यांच्या बाई आल्या, बेल वाजवून 'बाहेर गेले असतील' म्हणून निघून गेल्या. शेवटी वरच्या मजल्यावर हाक ऐकू गेली. मला हे आठवड्यानं कळलं, तेही शेजाऱ्यांकडून, कारण 'तुला उगाच काळजी नको.' मी फोनवर त्यांना वाट्टेल ते बोलले, फोन ठेवला, रडले, आणि पुढच्याच आठवड्यात जाऊन त्यांना घेऊन आले. पुन्हा त्या रिकाम्या घरात त्यांना एकटं पाठवायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं.

बाबांनी मात्र अट घातली. "तिकडे कट्ट्यावर माझी चार माणसं आहेत. इथे बोलायला मला एक तरी माणूस मिळालं तर राहीन. नाहीतर इथे राहायच्या पासची मुदत संपली की मी परत."

मुदत वाढवायच्या अर्जावर त्यांची सही लागणार होती. तो अर्ज मी छापून आणला, फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली अडकवला, आणि उपवर मुलीचा बाप हिंडतो तशी एका माणसाच्या शोधात हिंडायला लागले. आधी त्यांना मराठी मंडळींच्या ज्येष्ठांच्या चहाला नेलं. तिथे कुणाचा कंडो फ्लॅट कितीला गेला यावर दोन तास चर्चा झाली. परत येताना बाबा म्हणाले, "हे लोक बोलत नाहीत, आकडे म्हणतात." मग आमच्याच मजल्यावरच्या निवृत्त तमिळ गृहस्थांशी गाठ घालून दिली. त्यांच्याबद्दल तक्रार अशी की ते नुसते बोलतात, ऐकत नाहीत. हे बाबांनी म्हणावं, याचं मला हसू आलं. पण अर्जाकडे बघून मी ते गिळलं.

माणूस शेवटी मिळालं ते पँटमुळे.

आई गेल्यापासून बाबा इतके बारीक झाले होते की पँट पट्ट्यावर नुसती लटकायची. पट्ट्याला त्यांनी घरच्या घरी खिळ्यानं तीन भोकं पाडली होती. मी त्यांना सेरंगूनच्या मॉलमध्ये नेलं. त्यांनी सहा पँटी घातल्या आणि सहाही काढल्या. विकणारी मुलगी बिचारी दर वेळी "व्हेरी नाइस, अंकल" म्हणत होती. बाबांनी एका पँटची शिवण उलटी करून तिला दाखवली आणि ही शिवलेली नाही, चिकटवलेली आहे, असा निकाल दिला. मला म्हणाले, "माझ्या चारही पँटी धडधाकट आहेत. आत माणूस बारीक झाला म्हणून पँट टाकून द्यायची होय?"

आम्ही राहतो आंग मो किओमध्ये. आमच्या ब्लॉकसमोर, म्हणजे इमारतीच्या खालीच, बाजार आहे आणि बाजाराच्या कडेला एक चिनी म्हातारबुवा जुने कपडे आल्टर करून देतात. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक इस्त्री, दोन प्लॅस्टिकची स्टुलं आणि भिंतीवर लटकलेल्या लोकांच्या पँटी. वय बाबांहून दोनतीन वर्षांनी जास्त, चष्मा दोरीनं गळ्यात, टेपही गळ्यात. सिंगापुरात कुठल्याही वयस्कर माणसाला अंकल म्हणतात, त्यामुळे पहिल्या भेटीत त्या दोघांनी एकमेकांना अंकल म्हटलं आणि पुढेही तेच चालू ठेवलं. नाव विचारायची गरज दोघांनाही वाटली नाही.

पहिल्याच दिवशी बाबा खूश होऊन घरी आले. "अगं, हा माणूस माप घेताना आधी सांगतो. 'नाऊ आय टच शोल्डर.' मग खांद्याला हात. 'नाऊ आय टच वेस्ट.' मग कंबर. आपल्याकडचा शिंपी टेप असा आवळतो, जसा काही मी पळूनच जाणार आहे. याला म्हणतात संस्कृती!"

कमरेबरोबर बाबांची उंचीही थोडी आटली होती, म्हणून प्रत्येक पँट कमरेत लहान करायची आणि खालून आखूड करायची असं ठरलं. चार पँटी म्हणजे शिंप्याला एका दिवसाचं काम. बाबांनी त्या आठवड्याला एक अशा नेल्या. रोज सकाळी आंघोळ, देवपूजा आणि पोहे झाले की ते दुकानावर जाऊन स्टूल पकडायचे. एकाचं इंग्रजी मराठी शाळेतलं, दुसऱ्याचं बाजारातलं. पण गुडघे, दात, सरकार आणि मुलं या विषयांना व्याकरण फारसं लागत नाही. दोघांच्याही बायका गेलेल्या, आणि दोघांनाही भात लावता येत नाही. एमआरटी मेट्रोच्या स्टेशनकडे जाताना मी लांबून बघायचे. बाबा हात उडवत बोलताहेत, अंकल मान हलवत पायडल मारताहेत. मी अर्जाशेजारी फ्रिजला दोऱ्यानं पेन बांधून ठेवलं.

आणि मग माझ्या लेकीच्या शाळेनं घोळ केला.

लेक पंधरा वर्षांची. इतिहासात त्यांना शीतयुद्ध आहे. बाईंनी प्रोजेक्ट दिलं, घरातल्या किंवा शेजारच्या ज्येष्ठ माणसांना विचारा, दोन महासत्तांच्या त्या भांडणाची झळ साध्या माणसांपर्यंत कशी पोचली. लेकीनं हिशेब केला की दोन म्हातारे एकाच जागी आयते मिळतात. "वन शॉट टू अंकल्स, सेटल, लाह," असं खास सिंगापुरी इंग्रजीत म्हणून शनिवारी सकाळी ती फोन रेकॉर्डिंगला लावून दुकानावर गेली. मी कॉफी आणि केळ्याची भजी घेऊन मागोमाग. बाबांची चौथी पँट तेव्हा मशीनवर होती. कंबर झालेली, डाव्या पायाची दुमड शिवून झालेली, उजवा बाकी.

आधी बाबा बोलले. वीस मिनिटं बोलले. मंडई आली, घोषणा आल्या, लाठ्या आल्या, नडगी आली. पँटचा पाय वर ओढून व्रण दाखवण्यात आला. लेकीनं त्याचा फोटो काढला. अंकलही कौतुकानं वाकून बघत होते. मग तिनं त्यांना विचारलं, "अंकल, तुम्हाला काय आठवतं?"

अंकलचा चेहरा खुलला. "अमेरिकन सोल्जर? ओ, व्हेरी गुड कस्टमर!"

अंकल तेव्हा विशीत होते आणि शहरातल्या एका मोठ्या टेलरकडे कटिंग करायचे. व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या सैनिकांना पाच दिवसांची रजा मिळायची, आणि त्यातले कितीतरी जण ती काढायला सिंगापूरला यायचे. पाच दिवस खायचं, प्यायचं, हिंडायचं, आणि एक सूट शिवून घ्यायचा. पहिल्या दिवशी माप, चौथ्या दिवशी सूट तयार. "ऑल वाँट सूट," अंकल म्हणाले. "व्हिएतनाम कॅनॉट वेअर सूट, व्हॉट."

बाबांच्या हातातलं भजं खाली आलं.

"यू स्टिच्ड सूट्स... फॉर देम?"

"मेनी, मेनी," अंकल अभिमानानं म्हणाले.

मला वाटलं मधे काहीतरी बोलावं, पण तोंडात भजं होतं. बाबा उभे राहिले आणि कोर्टात उभे असल्यासारखे म्हणाले, "दे वेअर मर्डरर्स. यू ड्रेस्ड मर्डरर्स."

अंकलचं हसू मावळलं. त्यांनी गळ्यातला टेप काढून त्याची नीट गुंडाळी केली आणि मशीनवर ठेवली. बाबांना उत्तर मिळालं असतं तर कदाचित भांडण झालं असतं आणि मिटलंही असतं. उत्तर मिळालं नाही म्हणून त्यांनी मशीनखालची पँट ओढली. दोरा लांबत आला, तो दातानं तोडला, आणि तशी अर्धी पँट काखोटीला मारून ते निघाले. मी त्यांच्यामागे धावले. लेक तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी तीच पँट घालायला सुरुवात केली. तीन व्यवस्थित झालेल्या पँटी कपाटात, आणि हे गृहस्थ डावा पाय आखूड आणि उजवा लांब अशा अवतारात बाजारात. लांब पाय पायात यायला लागला तेव्हा त्यांनी तो दुमडून त्याला सेफ्टी पिन लावली. लोक निषेध करायला काळी फीत लावतात, आमच्याकडे सेफ्टी पिन. दुकान टाळून जायचं म्हणून ते भर उन्हात तीन ब्लॉकना वळसा घालून दूध आणायचे. तिकडे अंकलनीही कसर सोडली नाही. त्यांनी मशीन फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायला सुरुवात केली. एवढ्याशा दुकानात मशीन फिरवायचं म्हणजे इस्त्रीचं टेबल बाहेर काढावं लागतं. ते त्यांनी काढलं.

"आजोबा, व्हिएतनाम ऑल्सो ओके ऑलरेडी," लेकीनं समजावून पाहिलं. "व्हाय यू सो अँग्री?"

"व्हिएतनामचं व्हिएतनाम बघेल," बाबा म्हणाले. "माझं मी बघतो."

मी मध्यस्थी करायला गेले. बाबा आंघोळीला गेल्याची संधी साधून पँट पिशवीत घातली आणि दुकानावर नेली. म्हटलं, उरलेला पाय शिवून द्या, मी गुपचूप नेऊन ठेवते. अंकलनी पिशवीत डोकावूनही पाहिलं नाही. रिकाम्या पँटचं माप मी घेत नाही, म्हणाले; अंकलला स्वतः येऊ दे. आणि वर, "टेल हिम आय नॉट अँग्री," हे इतक्या रागानं म्हणाले की मी पिशवी छातीशी धरून घरी आले. घरी बाबा टॉवेल गुंडाळून दारात उभे. माझ्यावर घुसखोरीचा आरोप झाला.

त्या आठवड्यात बाबांनी जावयाला पुण्याच्या विमानांच्या वेळा बघायला सांगितल्या. कपाटावरची बॅग खाली आली. पासचे नऊ दिवस उरले होते आणि फ्रिजवरचा अर्ज कोरा होता. मला रोज तीच स्वप्नं पडायला लागली, बंद दार, वाजणारी बेल आणि आत पडलेले बाबा.

शेवटी माझा तोल सुटला. बॅगेत ते सदरे रचत होते आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अमेरिकन बँकेत नोकरी करते मी! ऐकलंत? बारा वर्षं! तुम्ही रोज जेवता तो भात अमेरिकेच्या पगाराचा आहे. आता काय करता, ओकता?"

कुकरची शिट्टी झाली. नवरा बाल्कनीत निघून गेला. बाबांनी सदऱ्याची घडी पुरी केली.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "इथल्या तुझ्या पहिल्या दिवाळीला तू ऑफिसच्या पाकिटातून फोटो पाठवले होतेस. पाकिटावर नाव छापलेलं होतं. तुझी आई म्हणाली, आपल्याला कळलंय हे पोरीला कळू देऊ नका, उगाच तोंडघशी पडेल."

मी गॅस बंद करून बाहेर आले. बारा वर्षं मी ज्यांना फसवत होते, ते दोघं मिळून मलाच सांभाळून घेत होते. आईची मला फार आठवण आली.

"मग मला माफ केलंत आणि त्यांना का नाही?"

"तू माझी पोरगी आहेस."

"आणि ते?"

बाबा बराच वेळ बॅगेची चेन मागेपुढे करत राहिले. मग म्हणाले, "तो मला आवडला होता गं."

रविवारी दुपारी लेक जेवणाच्या टेबलावर प्रोजेक्ट लिहायला बसली. सोमवारी द्यायचं होतं. फोनवरचं रेकॉर्डिंग चालू करून ती थांबवत, लिहीत होती. बाबा शेजारी पेपर वाचत असल्याचं दाखवत होते. वीस मिनिटांचं त्यांचं भाषण झालं, अंकलचा सूट झाला, 'मर्डरर्स' झालं. स्टूल सरकल्याचा आवाज आला, माझ्या चपलांचा आवाज आला. मी समजले आता संपलं. पण रेकॉर्डिंग पुढे चालूच होतं. लेक दुकानातच थांबली होती, आणि पुढे काय झालं हे आमच्यापैकी कुणीच तिला विचारलं नव्हतं.

रेकॉर्डिंगमध्ये तिनं विचारलं, "अंकल, तुम्हाला त्या सोल्जर्सची भीती वाटायची?"

कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अंकल बोलले. त्यांचं इंग्रजी तुटक, म्हणून मी माझ्या भाषेत सांगते. भीती मला नाही, म्हणाले, त्यांना वाटायची. पहिल्यांदा एक सैनिक आला, एकोणीस वर्षांचा, ताडमाड. ट्रायलच्या वेळी मी मागून त्याच्या पाठीवर टाचणी लावायला गेलो. टाचणी जरा टोचली. क्षणात तो कटिंगच्या टेबलाखाली, डोकं दोन्ही हातांत धरून. दुकानातले सगळे हसले. मालकही हसला. मग तो बाहेर आला, लाल झालेला, आणि मला 'सॉरी सर' म्हणाला. मला तोवर कुणी सर म्हटलं नव्हतं. तेव्हापासून मी टाचणी सोडली. नुसता खडू. आणि हात लावायच्या आधी सांगायचं, कुठे लावतोय ते. मग ती सवयच झाली, सगळ्यांना सांगतो.

पुढे म्हणाले, कमरेच्या शिवणीत मी दोन बोटं कापडाची माया जास्त सोडायचो. घरी जाऊन आईच्या हातचं खातील, अंग भरेल. कोण घरी गेलं आणि कोण नाही, ते मला कुठून कळणार? तुझे आजोबा बरोबर बोलतात. तिकडे वाईट चाललं होतं, पेपर मीही वाचत होतो. पण माप घेताना समोर एकच पोरगा उभा असतो.

पुन्हा कात्रीचा आवाज. मग अंकलचा आवाज, यावेळी जरा घुश्शात: "टेल हिम वन लेग नॉट फिनिश."

लेकीनं फोन बंद केला. बाबांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला आणि डोळे पुसले. लपवलं वगैरे नाही.

"हा व्रण लाठीचा नाही," ते म्हणाले.

"काय?" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

"लाठ्या निघाल्याबरोबर मी पळालो. बोळात कुणाची तरी सायकल आडवी होती, तिच्यावर पडलो. मोर्चात मी पंधरा मिनिटं असेन. आणि सकाळी रेशनवरच्या अमेरिकन लाल गव्हाच्या चार पोळ्या खाऊन गेलो होतो. त्यांचंच खाऊन त्यांच्याच नावानं शंख!"

"आजोबा! मी लाठी लिहून टाकलं, पेनमध्ये!" लेक रडकुंडीला आली. "विथ फोटो!"

"खोड. सायकल लिही."

मला हसू आवरेना. बाबाही हसले, आणि हसता हसता म्हणाले, "मी त्यांना शिव्या दिल्या त्या बरोबरच होत्या. ते युद्ध वाईटच होतं, अजून म्हणेन. पण मी लांबून दिल्या गं. यानं जवळून बघितलं, आणि मी त्यालाच शहाणपण शिकवलं."

सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघाले तर बाबा आधीच दारात, पायात चपला, अंगात तीच पँट, सेफ्टी पिनसकट. हातात एक कापडी पिशवी. मी काही विचारलं नाही, न जाणो विचार बदलला तर. आम्ही लिफ्टनं खाली आलो आणि वळसा न घालता सरळ दुकानावर गेलो.

अंकल भिंतीकडे तोंड करून पायडल मारत होते. बाबा त्यांच्या पाठीशी उभे राहिले. खाकरले. पायडल थांबलं, पण अंकल वळले नाहीत.

"आय वॉज रूड," बाबा म्हणाले.

"या," अंकल भिंतीला म्हणाले. "व्हेरी रूड."

मग ते वळले, आणि त्यांची नजर पहिली गेली ती सेफ्टी पिनकडे. असा काही चेहरा केला त्यांनी, जसं काही कुणी त्यांच्या डोळ्यांदेखत कापडाच्या कात्रीनं कागद कापून तिची धार घालवलीय. इस्त्रीचं टेबल ओढून आत घेतलं, मशीन पुन्हा रस्त्याकडे वळवलं, बाबांना मागच्या पडद्याआड उभं करून पँट काढून घेतली आणि दहा मिनिटांत उजवा पाय पुरा केला. माझी गाडी चुकली होती आणि पुढचीही चुकणार होती, पण मी हलले नाही.

पँट चढवून बाबा बाहेर आले आणि त्यांनी पिशवीतून एक पँटपीस काढलं. राखाडी, बारीक रेघांचं, अजून दुकानाच्या पातळ प्लॅस्टिकमध्ये. ते मी ओळखलं. आईनं तिच्या शेवटच्या दिवाळीला ते त्यांच्यासाठी घेतलं होतं. लक्ष्मी रोडवर चार दुकानं हिंडून घेतलं होतं, मला व्हिडिओवर दाखवलं होतं. शिवायचं राहून गेलं. बाबांनी ते बॅगेतून इथवर आणलंय, हे मला माहीतही नव्हतं.

"माय वाइफ बॉट," बाबा म्हणाले. "कॅन यू मेक?"

हल्ली अंकल नवीन कपडे शिवत नाहीत. दुकानाच्या पाटीवरच तसं लिहिलं आहे. त्यांनी हात पुसले, प्लॅस्टिक काढलं, कापड दोन बोटांत चोळून पाहिलं, उजेडाकडे धरून पाहिलं. "गुड क्लॉथ," म्हणाले. "युवर वाइफ नो हाऊ टू बाय." मग टेप उचलायच्याही आधी त्यांनी विचारलं, "यू फ्लाय व्हेन?"

मी चमकले. ते मला म्हणाले, त्या काळी दुकानात गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न हाच असायचा. विमान कधी ते कळलं की तिथून मागे दिवस मोजायचे. कापायचं कधी, ट्रायल कधी. माप नंतर.

मी बाबांकडे बघितलं नाही. मला धीर झाला नाही. समोर मासेवाल्या बाई बर्फ फोडत होत्या, तिकडे बघत राहिले.

"आय अ‍ॅम नॉट फ्लाइंग," बाबा म्हणाले.

"नॉट फ्लाइंग?" अंकलनी टेप परत गळ्यात टाकला. "देन यू वेट. इन फ्रंट गॉट फोर पीपल."

ज्या माणसानं आयुष्यात एकाही शिंप्याला एका दिवसाची सवलत दिली नाही, दिवाळीच्या आदल्या दिवशी दुकानात ठाण मांडून कपडे शिवून घेतले, त्या माझ्या वडिलांनी निमूट स्टूल ओढलं आणि बसले. माझे डोळे वाहायला लागले होते आणि मी ते वाहू दिले.

"तू जा आता," बाबा मला म्हणाले. "तुझी अमेरिका खोळंबली असेल. मला वेळ आहे."